औषधाला दाद न देणारी हगवण

या महिन्यात डुकरांच्या पिल्लांविषयी चार पत्रे आली. वराहपालनाची एवढी पत्रे एकाच वेळी येण्याचा या सदरातला हा पहिलाच प्रसंग असल्यामुळे गायीम्हशींचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवले आहेत. जागेअभावी पत्रे संक्षेपाने छापली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे यॉर्कशायर जातीच्या अकरा माद्या आहेत. कल्याण आणि नवी मुंबईतील हॉटेलांचे खरकटे रोज टेम्पोने आणतो. पिल्ले अठ्ठाविसाव्या दिवशी आईपासून तोडतो. तोडल्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांना पाण्यासारखी पिवळसर हगवण लागते. पूर्वी एन्रोफ्लॉक्सासिनची दोन इंजेक्शने दिली की ती थांबत असे. आता ते लागू पडत नाही, त्यानंतर दिलेले ऑक्सिटेट्रासायक्लिन लागू पडले नाही आणि सल्फाचेही तेच झाले. मागच्या खेपेला चौतीसपैकी नऊ पिल्ले गेली. औषधे बनावट येतात का? यापेक्षा भारी इंजेक्शन कोणते?
— एक वराहपालक, मुरबाड तालुका

उत्तर : बनावट औषधाची शक्यता मी सरसकट नाकारणार नाही. पण तीन वेगळी औषधे वापरूनही अनुभव एकच आला असेल, तर दोष बाटलीत शोधण्याआधी जिवाणूत शोधावा. तुम्ही सांगितलेले वय, दिवस आणि हगवणीचे रूप पाहता ई. कोलाय या जिवाणूचा संशय सर्वांत आधी येतो. हा जिवाणू तसा प्रत्येक डुकराच्या आतड्यात राहतो. त्यातल्या काही जातींच्या अंगावर मात्र बारीक तंतू असतात, ज्यांना शास्त्रज्ञ एफ-४ आणि एफ-१८ म्हणतात. या तंतूंनी त्या लहान आतड्याच्या अस्तराला चिकटून बसतात आणि तिथे विष सोडतात. विषाच्या प्रभावाने आतडे पाणी शोषायचे सोडून उलट पाणी बाहेर टाकू लागते. पिल्लू मरते ते बहुतेक वेळा अंगातले पाणी आणि क्षार संपल्यामुळे, आणि म्हणूनच इंजेक्शनची सुई उकळायला ठेवण्याआधी क्षारसंजीवनीचे पाणी उथळ भांड्यात पिल्लांसमोर ठेवले पाहिजे. एवढ्या एका गोष्टीने तुमच्या नऊपैकी काही पिल्ले वाचली असती, असे मला वाटते.

आता औषधे का चालत नाहीत ते पाहू. हगवण लागलेल्या पिल्लाच्या एका ग्रॅम विष्ठेत हे जिवाणू अब्जाच्या घरात असू शकतात. इतक्या गर्दीत, ज्याच्या जनुकात योगायोगाने किंचित बदल झाला आहे आणि त्यामुळे ज्याला एन्रोफ्लॉक्सासिन नीट पकडू शकत नाही, असा एखादा जिवाणू औषध देण्याआधीपासूनच असतो. औषधाने बाकीचे मेले की त्याला सगळे आतडे मोकळे मिळते. पिल्लू बरे झालेले दिसते, पण त्याच्या शेणातून हाच वाचलेला वंश जमिनीवर पडतो. पुढच्या खेपेची पिल्ले त्याच जमिनीवर लोळतात. दोन वर्षे हा क्रम चालला की शेडमध्ये मुख्यत्वे त्याचीच प्रजा उरते.

ऑक्सिटेट्रासायक्लिन आणि सल्फाची गोष्ट थोडी वेगळी आहे. या औषधांना तोंड देणारी जनुके बरेचदा प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या सुट्या वर्तुळावर असतात आणि हे वर्तुळ एक जिवाणू दुसऱ्याला देऊ शकतो. शेजारणीने वाटीभर विरजण मागावे, आपण द्यावे, तिच्या घरी पातेलेभर दही लागावे आणि आपले विरजण आपल्याकडे कायम राहावे, तसाच हा व्यवहार असतो. देणाऱ्याचे काही कमी होत नाही. आणखी पंचाईत अशी की एकाच प्लाझ्मिडवर तीन-चार औषधांविरुद्धची जनुके शेजारी शेजारी असू शकतात. तुम्ही त्यातले कोणतेही एक औषध वापरले, तरी तो जिवाणू टिकतो आणि बाकीच्या औषधांविरुद्धची तयारीही त्याच्यासोबत टिकते. ज्या औषधाची बाटली तुमच्या शेडमध्ये कधीच फुटली नाही, तेही पहिल्याच दिवशी निष्फळ ठरते, त्याचे कारण हे आहे. म्हणून दर खेपेला औषध बदलत राहण्याच्या पद्धतीत मला फारसा अर्थ दिसत नाही.

सर्वांत भारी इंजेक्शनचे नाव मी या सदरातून देणार नाही. तुमच्या शेडमधल्या जिवाणूवर काय चालते हे नाव ऐकून कळत नाही, त्यासाठी संवेदनशीलता चाचणीच करावी लागते. गेल्या पावसाळ्यात शहापूरकडच्या एका शेडमधून आलेल्या नमुन्याची थाळी मी पाहिली होती. काचेच्या बशीत जिवाणूंचा फिकट थर एकसारखा पसरलेला होता आणि त्यावर टिकलीएवढ्या सहा कागदी चकत्या ठेवलेल्या होत्या, प्रत्येकीत वेगळे औषध. ज्या औषधाने जिवाणू मरतो त्या चकतीभोवती स्वच्छ गोल कडे उमटते आणि ते मिलिमीटरमध्ये मोजतात. त्या थाळीत चार चकत्यांना कडेच नव्हते, जिवाणूंचा थर थेट कागदाला येऊन टेकला होता. त्या चारपैकी तीन औषधे तो शेतकरी आलटून पालटून वापरत होता. उरलेल्या दोन चकत्यांपैकी एकीतले औषध जुने, स्वस्त आणि कोणाच्या ध्यानीमनी नसलेले होते.

नमुना घेण्याची वेळ महत्त्वाची आहे. ज्या पिल्लाला आजच हगवण लागली आहे आणि ज्याला अजून एकही औषध दिलेले नाही, अशा दोन-तीन पिल्लांच्या गुदद्वारातून निर्जंतुक बोळ्याने नमुना घ्यावा लागतो. औषध देऊन झाल्यावर घेतलेला नमुना बहुधा फसवा ठरतो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांना हगवण लागण्याआधीच भेटा, बोळे आणून ठेवा, आणि नमुना विभागीय रोगनिदान प्रयोगशाळेकडे पाठवायचा की परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे, हे त्यांच्याशी ठरवून ठेवा. बर्फाच्या डब्यातून तो एका दिवसात पोहोचला पाहिजे. अहवालाला दोन-तीन दिवस लागतात. तोवर अत्यवस्थ पिल्लांना काय द्यायचे हे डॉक्टर अंदाजाने ठरवतील, आणि अहवाल आल्यावर ते बदलतील. पुढच्या खेपेला मात्र अंदाजाची गरज उरणार नाही.

तुमच्या पत्रात एक वाक्य होते, जे जागेअभावी वर छापले नाही: हगवण दिसताच तुम्ही सगळ्या पिल्लांच्या पाण्यात औषधाची पावडर चमच्याने टाकता. आजारी पिल्लू पाण्याजवळ फारसे जात नाही, त्यामुळे त्याच्या पोटात औषध जेमतेम जाते. धडधाकट पिल्ले मात्र अर्धवट मात्रा पितात. ज्याला हवे त्याला मिळत नाही, आणि ज्याला नको त्याच्या आतड्यात प्रतिरोधक, म्हणजे औषधाला न जुमानणाऱ्या, जिवाणूंची निवड होत राहते. हा चमचा आधी बंद करा.

पण खरा प्रश्न अठ्ठाविसाव्या दिवसाचा आहे. डुकराचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात आईची रोगाशी लढणारी प्रतिपिंडे जवळजवळ नसतात, ती सगळी पहिल्या दिवसाच्या चिकातून यावी लागतात. पुढेही दुधातून येणारी प्रतिपिंडे आतड्याच्या अस्तरावर पहारा देत असतात. दूध तोडले की पहारा त्याच दिवशी उठतो, आणि पिल्लाची स्वतःची तयारी तेव्हा अर्धवटच असते. त्यातच आई नाही, जागा नवी, दुसऱ्या विणीची अनोळखी पिल्ले सोबत, म्हणून ते एक-दोन दिवस धड खात नाही. न खाल्ल्यामुळे आतड्यातले रसशोषक अंकुर आखूड होतात. मग ते एकदम भुकेने तुटून पडते, न पचलेले अन्न पुढे सरकते आणि ई. कोलायला मेजवानी मिळते. चौथा-पाचवा दिवस येतो तो असा.

मोठ्या कारखानदारी फार्मवर चार आठवड्यांनी किंवा त्याआधीही दूध तोडतात, पण त्यांच्याकडे तापमान राखलेली खोली आणि दुधाच्या भुकटीचे खास खाद्य असते. तुमच्याकडे हॉटेलचे खरकटे आहे. अकरा माद्यांच्या धंद्यात बेचाळीस दिवसांपर्यंत थांबणे तुम्हाला परवडेल. मादी पुन्हा माजावर येण्यास दोन आठवडे उशीर होईल हे खरे, पण नऊ पिल्लांच्या किमतीशी त्याचा हिशेब तुम्हीच मांडून पाहा. तोडायच्या दिवशी पिल्लांना न हलवता मादीला दुसरीकडे न्या. दहाव्या-बाराव्या दिवसापासून थोडे कोरडे खाद्य त्यांच्यासमोर ठेवत जा, म्हणजे पोटाला सवय होते. तोडल्यानंतर पहिले दोन आठवडे त्यांना खरकटे अजिबात देऊ नका, कारण त्यात तेल किती, मीठ किती आणि ते आंबले किती याचा रोजचा नेम नसतो. मोठ्या जनावरांसाठीही ते उकळल्याशिवाय वापरू नका. तो नियम मुख्यतः स्वाइन फीव्हर या डुकरांच्या विषाणूजन्य रोगासाठी आहे, पण मोडण्यासारखा नाही. मुरबाडच्या हिवाळी रात्री ओल्या सिमेंटवर झोपलेले पिल्लू अर्धे आजारीच समजावे. त्याला अठ्ठावीस ते तीस अंशांची ऊब लागते, तेव्हा कोरडा पेंढा, कोपऱ्यात टांगलेला दिवा आणि वाऱ्याच्या बाजूला गोणपाट एवढे तरी करा. एक खेप गेल्यावर शेण पूर्ण काढून, जमीन धुऊन, चुना मारून ती जागा कोरडी खडखडीत होईपर्यंत रिकामी ठेवा. वाळलेल्या जमिनीवर या जिवाणूचा निभाव फार काळ लागत नाही.

प्रश्न : आमच्या भागात एक विक्रेता लेबल नसलेली पांढरी पावडर पुडीतून विकतो. पिल्लांच्या जुलाबावर ती हमखास लागू पडते. एका जाणकाराने सांगितले की ते कोलिस्टिन आहे आणि त्यावर बंदी आहे. औषध लागू पडत असताना बंदी कशासाठी?
— एक वाचक, शहापूर

उत्तर : लेबल नसलेल्या पुडीत काय आहे हे मी इथे बसून सांगू शकत नाही, आणि तो विक्रेताही सांगू शकेल याची खात्री नाही. ते कोलिस्टिन असेल तर तुमच्या जाणकाराचे म्हणणे बरोबर आहे. केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांकरिता, कोंबड्यांकरिता, मत्स्यपालनाकरिता आणि पशुखाद्याकरिता कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री आणि वितरण बंद केले.

लागू पडते म्हणूनच बंदी आहे. कोलिस्टिन १९४० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये सापडले. मूत्रपिंडाला अपाय करते म्हणून माणसांच्या डॉक्टरांनी ते पुढे जवळजवळ बाजूला ठेवले आणि जनावरांच्या डॉक्टरांनी उचलले. नंतर अतिदक्षता विभागांत असे जिवाणू येऊ लागले, ज्यांच्यावर दुसरे काहीच चालेना. तेव्हा अडगळीतले हे औषध शेवटचा उपाय म्हणून पुन्हा काढावे लागले. तोवर ते कित्येक देशांत डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात पोत्याने मिसळले जात होते, बरेचदा आजारासाठी नव्हे तर वजन वाढावे म्हणून.

नोव्हेंबर २०१५ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी कोलिस्टिनला तोंड देणारे एमसीआर-१ हे जनुक प्रसिद्ध केले. शांघायजवळच्या एका डुकराच्या ई. कोलायमध्ये ते प्रथम हाती लागले होते. कोलिस्टिनला न जुमानणारे जिवाणू त्याआधीही माहीत होते, पण ती क्षमता त्यांच्या स्वतःच्या गुणसूत्रातल्या बदलामुळे आलेली असे आणि त्यांच्या वंशापुरती राही. हे जनुक प्लाझ्मिडवर होते. म्हणजे वर मुरबाडच्या वाचकांना सांगितलेल्या विरजणासारखे ते घरोघर जाणार होते, आणि गेलेही. पाहता पाहता निरनिराळ्या खंडांतून, जनावरांतून, मांसातून आणि रुग्णांतून त्याचे अहवाल आले.

या कथेचा पुढचा भाग मला स्वतःला धीर देणारा वाटतो. चीनने २०१७ मध्ये वाढीसाठी कोलिस्टिन खाद्यात घालणे थांबवले. तिथल्या डुकरांमधील ई. कोलायच्या नमुन्यांत कोलिस्टिनला दाद न देणाऱ्यांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये सुमारे ३४ टक्के होते, ते २०१७-१८ मध्ये सुमारे ५ टक्क्यांवर आले. सगळ्याच औषधांचे असे होत नाही. जिथे एकाच प्लाझ्मिडवर अनेक जनुके बसलेली असतात, तिथे एक औषध थांबवले तरी दुसऱ्याच्या वापराने ती टिकून राहतात. पण इथे थांबल्याचा उपयोग झाला, हे आकड्यांत दिसले.

एक तांत्रिक गोष्ट तुमच्या डॉक्टरांसाठी. कोलिस्टिनचा रेणू मोठा असल्याने तो थाळीतल्या अगारमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या जेलीत, नीट पसरत नाही. कागदी चकतीची चाचणी त्याच्याबाबत भरवशाची नाही, द्रव माध्यमातच तपासावे लागते. ‘चकतीत चांगले कडे आले’ असे कोणी दाखवले तर त्यावर जाऊ नये.

पुडी घेणे मात्र थांबवा. उद्या तुमच्याच घरातले कोणी ठाण्यामुंबईच्या रुग्णालयात रक्तात जिवाणूंचा संसर्ग होऊन पडले, तर डॉक्टरांच्या हातात उरलेल्या दोन-तीन औषधांपैकी ते एक असू शकते.

प्रश्न : आम्ही ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंब आहोत. नाताळात घरी डुकराच्या मांसाचे सोर्पोतेल आणि इंदियाल होतेच. डुकरांना इतकी अँटिबायोटिक्स देतात असे वाचल्यापासून मुलगी मांसाला हात लावू देत नाही. आम्ही खाणे सोडावे का?
— एक गृहिणी, ठाणे

उत्तर : सोडू नका. मुलीची शंका मात्र रास्त आहे, फक्त तिच्या मनात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या असाव्यात.

पहिली गोष्ट मांसात उरलेल्या औषधाच्या अंशाची. जनावराला औषध दिल्यानंतर ठरावीक दिवस त्याची कत्तल करू नये असा नियम असतो. अन्नासाठीच्या जनावरांच्या औषधावर हा कालावधी छापणे आपल्याकडे बंधनकारक आहे, आणि छापलेला नसेल तर मांसासाठी तो किमान २८ दिवस धरावा लागतो. तुम्ही ग्राहक म्हणून हे तपासू शकत नाही. जिथे शिक्का मारून तपासलेले मांस मिळते अशा ओळखीच्या दुकानातून घेणे, एवढेच तुमच्या हाती आहे.

दुसरी गोष्ट प्रतिरोधक जिवाणूंची, आणि ती पूर्णपणे तुमच्या स्वयंपाकघरात सुटते. औषधाला न जुमानणारा जिवाणू उष्णतेला इतर जिवाणूंइतकाच जुमानतो. त्याच्याजवळचे जनुक त्याला आधणातून वाचवत नाही. मांसाचा आतला भाग ७१ अंशांवर पोहोचला की तो संपतो. सोर्पोतेलमध्ये मांस आणि काळीज आधी उकडून, मग बारीक चिरून, तळून, मसाल्यात शिजवतात, म्हणजे त्याला दोन-तीनदा आच लागते. शिजलेल्या भांड्याची चिंता नको. व्हिनेगरवर मात्र भिस्त ठेवू नका. रात्रभर व्हिनेगरात मुरवलेले कच्चे मांस कच्चेच असते.

धोका पाटावर आणि विळीवर असतो. कच्चे मांस कापलेल्या पाटावर लगेच कोशिंबिरीचा कांदा चिरला गेला, तर तो जिवाणू न शिजता ताटात येतो. मांसाचा पाट वेगळा ठेवा आणि मांस नळाखाली धारेने धुऊ नका, शिंतोडे ओट्यावर उडतात. हाताला चीर असेल तर कच्चे मांस हाताळताना हातमोजे घाला. स्ट्रेप्टोकॉकस सुइस नावाचा डुकरांतला एक जिवाणू अशा जखमेतून माणसात शिरतो, त्यातून मेंदूज्वर होऊ शकतो, आणि बरे झाल्यावरही काहींना कायमचा बहिरेपणा राहतो. व्हिएतनाम आणि थायलंडमध्ये कच्चे रक्त आणि अर्धकच्चे मांस खाण्याच्या प्रथेमुळे याचे रुग्ण बरेच आढळतात. आपल्याकडे तशी प्रथा नसली तरी मांस कापणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे. मुलीला हा मजकूर वाचायला द्या आणि पाट धुण्याचे काम तिच्याकडेच सोपवा.

प्रश्न : दोन महिन्यांची पिल्ले अचानक आडवी पडून पाय झाडतात. हगवण नाही. पाच दिवस अँटिबायोटिक दिले, उपयोग नाही. हाही प्रतिरोधच का?
— एक वराहपालक, दिघा, नवी मुंबई

उत्तर : कदाचित नसेल. औषध लागू न पडण्याचे एक साधे कारण असे असू शकते की आजार औषधाच्या आवाक्यातलाच नव्हता, आणि त्या पाच दिवसांत आतड्यातले इतर जिवाणू विनाकारण निवडले गेले.

या वयात पाय झाडण्याची तीन कारणे मी आधी पाहीन. अंग तापलेले असेल, डोळे फडफडत असतील, एखादा सांधा सुजला असेल, तर वर सांगितलेला स्ट्रेप्टोकॉकस सुइस असू शकतो. टेट्रासायक्लिनला तो बहुतेक ठिकाणी दाद देत नाही, पेनिसिलिनला अजून बहुधा देतो, पण पहिल्या काही तासांतच. ताप नसेल, पापण्या सुजल्या असतील, ओरडताना आवाज घोगरा येत असेल आणि कळपातली सर्वांत गुबगुबीत पिल्ले आधी पडत असतील, तर तो ई. कोलायच्याच एका जातीच्या विषाने होणारा सूजरोग असतो. विष रक्तात गेल्यावर जिवाणू मारून पडलेल्या पिल्लाला काही उपयोग होत नाही.

तिसरे कारण तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे असे मला वाटते. तुम्ही लिहिता की एमआयडीसीतल्या एका कॅन्टीनचे खरकटे देता, आणि त्या आठवड्यात टँकर न आल्याने पिण्याचे पाणी कमी होते. खरकट्यात लोणचे, पापड, आमटी यांचे मीठ भरपूर असते. डुकराला मुबलक पाणी मिळत असेल तर ते मीठ बाहेर टाकते, पाणी तुटले की तेच मेंदूत साचते. पिल्लू कुत्र्यासारखे बसते, मान मागे टाकते, मागे मागे सरकत आडवे पडते, झटका येतो, थांबतो आणि थोड्या वेळाने पुन्हा येतो. यावर कोणतेही अँटिबायोटिक नाही. मेलेल्या पिल्लाचा मेंदू तपासून निदान पक्के करता येते, तेव्हा पुढचे पिल्लू गेले तर पुरण्याआधी डॉक्टरांना बोलवा. आणि टँकर आला म्हणून हौद भरून सगळ्यांना एकदम पोटभर पिऊ देऊ नका. तहानलेल्या पिल्लाने एकाच वेळी भरपूर पाणी प्यायले तर मेंदूची सूज वाढून ते तिथेच दगावते. दिवसभर, तासातासाने, थोडे थोडे पाजा.